कृत्रिम वृषणातील बिघाड

कर्करोग, वृषणाला पडलेला पीळ, अपघात किंवा पोटातून खाली न उतरलेले वृषण अशा कारणांनी वृषण काढावे लागले, की रिकाम्या पिशवीत बसवतात ते कृत्रिम वृषण. ते संप्रेरक बनवत नाही, बीजही नाही. काम फक्त आकाराचे आणि वजनाचे. पहिले रोपण १९४१ साली नोंदले गेले, तेव्हा ते व्हिटॅलियम या मिश्रधातूचे होते. पुढे काच, प्लॅस्टिक असे प्रयोग झाले आणि १९७० च्या दशकात सिलिकॉन आले. आज दोन प्रकार प्रामुख्याने वापरात आहेत: आतून-बाहेरून घन सिलिकॉनचे, आणि सिलिकॉनच्या कवचात सलाईन भरलेले.

अशा रोपणाच्या बिघाडाला ‘यांत्रिक बिघाड’ म्हणतात, पण हा शब्द जरा फसवा आहे, कारण यात यंत्र नसतेच. पंप, नळी आणि टाकी असते ती शिश्नातील फुगणाऱ्या रोपणात. दोन्हींची गल्लत सर्रास होते. घन प्रकारात गळण्यासारखे काही नाही. खरा बिघाड सलाईनच्या प्रकाराचा. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन बारीक सुईने हवेचे बुडबुडे काढून ठरलेल्या मापाइतके सलाईन भरतो. सुई निघाली की ते छिद्र आपोआप मिटते. ते नीट मिटले नाही, टाके घालताना सुई कवचाला लागली, किंवा कमी भरल्याने कवचाला घडी पडून तिथे ते झिजले, तर गळती सुरू होते. रुग्ण सांगतो, “हवा गेली.” गेलेले असते ते मिठाचे पाणी, आणि शरीर ते निमूटपणे शोषून घेते. अंघोळ करताना हाताला गोटीऐवजी चुरगळलेल्या पिशवीची कड लागते. दुखतेच असे नाही.

सपाट झालेले रोपण ही धावपळीची बाब नाही. ठाण्याहून वाशीला गर्दीच्या लोकलने लगबगीने निघायची गरज नाही, दोन दिवसांनी वेळ घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवले तरी चालते. हाताने तपासणी आणि सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेकदा निदान होते. सुई घालून पाहणे मात्र टाळायचे. म्हणूनच पिशवीत पाणी झाले म्हणून कुणी ते सुईने काढायला निघाला, तर रोपण असल्याचे रुग्णाने आधीच सांगावे. जांघेतल्या छेदातून जुने काढून नवे बसवता येते. नको असेल तर नुसते काढून टाकता येते, किंवा तसेच ठेवताही येते.

घाई करायची ती वेगळ्याच लक्षणांसाठी. ताप, लाली, पू, किंवा कातडी पातळ होऊन रोपण बाहेर डोकावणे म्हणजे जंतुसंसर्ग वा झीज. तेव्हा रोपण काढावे लागते, प्रतिजैविके दिली जातात आणि नवे बसवण्याआधी काही महिने थांबतात. भोवती शरीराने तयार केलेले आवरण आकसून रोपण दगडासारखे घट्ट होणे, किंवा टाका सुटून ते वर सरकणे, हे बिघाड नव्हेत, पण तक्रार तीच असते आणि इलाज पुन्हा शस्त्रक्रियाच. आणि शिल्लक राहिलेल्या वृषणात अचानक कळ आली, तर रोपणाला दोष देत बसू नये. तो पीळ असू शकतो; साधारण सहा तासांत सोडवला नाही तर तेही हातचे जाण्याची भीती असते.

कर्करोगानंतर खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचे कर्करोग केंद्र, लोकांच्या तोंडी ‘खारघरचं टाटा’) ठरावीक तपासणीला जाणाऱ्याने उरलेल्या बाजूची नवी गाठ आणि रोपणाची तक्रार या दोन्ही गोष्टी त्याच भेटीत सांगाव्यात. लाजेपायी दुसरी राहून जाते. बायको बरोबर असली की बहुतेक तीच बोलते.

शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या कार्डावर रोपणाचे माप आणि बॅच क्रमांक असतो. बदलताना त्याच मापाचे मागवायला ते लागते. काढलेला तुकडा सदोष वाटला, तर भारतात वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. नोंद डॉक्टर करू शकतो, रुग्णही करू शकतो, आणि तेव्हाही पहिल्यांदा बॅच क्रमांकच विचारला जातो.