कॅनकॉन : कॅनडातला देशी कन्टेन्टचा कोटा

कॅनकॉन हे 'कॅनेडियन कन्टेन्ट'चं बोलण्यातलं छोटं रूप. कॅनडातल्या रेडिओ-टीव्हीने ठराविक टक्के गाणी आणि कार्यक्रम देशीच लावायचे, असा हा नियम. अमेरिकेचे सिनेमे-गाणी सगळ्याच इंग्रजी बोलणाऱ्या देशांत शिरलेत आणि ब्रिटननेही 1927 मध्ये कायदा करून थिएटरांवर देशी सिनेमांचा कोटा लादला होता, पण कॅनडाची गोची जास्त, कारण भाषा तीच, जवळपास दोन तृतीयांश लोक अमेरिकेच्या सीमेपासून 100 किलोमीटरच्या आत राहतात आणि नुसता अँटेना लावला तरी पलीकडची स्टेशनं फुकटात लागायची. (क्वेबेकच्या फ्रेंच गाण्यांचा कोटा वेगळा, तो इथे घेतलेला नाही.)

सुरुवात नक्की कुठून धरायची यावर एकमत नाही. एक मत रेडिओचा विचार करायला नेमलेल्या 1929 च्या एअर्ड आयोगापर्यंत मागे जातं. बँकेचे अध्यक्ष असलेल्या सर जॉन एअर्ड यांनी राष्ट्रीय प्रसारण संस्था हवी असा अहवाल दिला, मग सार्वजनिक रेडिओसाठी झटणाऱ्या ग्रॅहम स्प्राय यांनी 'सरकार की अमेरिका, काय ते ठरवा' अशा अर्थाचा प्रचार केला आणि शेवटी 1936 मध्ये सीबीसी ही सरकारी प्रसारण संस्था आली. दुसरं मत कला-संस्कृतीवरच्या 1949–51 च्या मॅसी आयोगाला मान देतं, त्यातूनच पुढे 1957 ला कलांना अनुदान देणारी कॅनडा कौन्सिल निघाली. पण या दोन्हींतून निघाल्या त्या संस्था, टक्केवारीचा कोटा नव्हे, त्यामुळे कोट्याचा जन्म 1961 चा धरणं जास्त पटतं. त्या वर्षी तेव्हाच्या नियामक मंडळाने टीव्हीला 45 टक्क्यांची अट घातली, पुढच्या वर्षी ती 55 वर नेली. गंमत म्हणजे देशी कार्यक्रमांच्या हिशोबात अमेरिकन बेसबॉलची वर्ल्ड सिरीजही धरली जायची, का तर कॅनेडियन लोकांना त्यात रस आहे!

रेडिओचा कोटा जानेवारी 1971 पासून, एएम स्टेशनांवर 30 टक्के. तो आणला सीआरटीसी या नव्या नियामकाने, अध्यक्ष पिएर जुनो. (कॅनडातल्या संगीताच्या जुनो अवॉर्डचं नाव यांच्यावरूनच.) आता गाणं कॅनेडियन ठरवायचं कसं? त्यासाठी वापरात आली ती 'मेपल' पद्धत, आणि तिचं श्रेय साधारणपणे संगीतधंद्यातल्या स्टॅन क्लीस यांना देतात. त्यांचे मित्र वॉल्ट ग्रेलिस यांचं 'आरपीएम' हे संगीतधंद्याचं साप्ताहिक 1964 पासून निघत होतं आणि देशी संगीताची बाजू लावून धरत होतं, त्यामुळे कल्पना एकट्याची की साप्ताहिकाची हे वेगळं काढणं अवघड. मेपल म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेले चार निकष : संगीत, कलाकार, रेकॉर्डिंगची जागा आणि शब्द. चारपैकी दोन जमले की गाणं देशी. गाण्यात काय म्हटलंय याच्याशी नियमाला काही देणंघेणं नाही, बघायचे ते फक्त कागद.

यातूनच 1991 चा ब्रायन ॲडम्सचा घोळ झाला. गायक अस्सल कॅनेडियन, पण गाणी मट लँग या परदेशी निर्मात्यासोबत लिहिलेली आणि रेकॉर्डिंगही पूर्णपणे कॅनडातलं नाही, म्हणून अल्बम देशी ठरेना. बराच आरडाओरडा झाल्यावर 1993 मध्ये सहलेखनासाठी नियम सैल केला.

स्टेशनवाल्यांनी सुरुवातीला पळवाटा शोधल्या. देशी गाणी रात्री उशिरा नाहीतर भल्या पहाटे उरकायची, त्याला (बीव्हर या कॅनडाच्या राष्ट्रीय प्राण्यावरून) 'बीव्हर अवर' म्हणायचे, नाहीतर ॲन मरे आणि गॉर्डन लाइटफूट यांचीच गाणी पुन्हा पुन्हा वाजवायची. खरी पंचाईत विंडसरच्या सीकेएलडब्ल्यूची झाली. स्टेशन नदीच्या अलीकडे, श्रोते पलीकडे डेट्रॉइटमध्ये, 50,000 वॅट्सची ताकद, आणि स्पर्धा ज्यांच्याशी त्या अमेरिकन स्टेशनांना कोटा-बिटा काही नाही. टीव्हीवर 'एससीटीव्ही' या विनोदी कार्यक्रमाचे कॅनडातले भाग अमेरिकेपेक्षा दोन मिनिटं मोठे असायचे आणि सीबीसीने त्यात काहीतरी कॅनेडियन टाका म्हणून लकडा लावला, तेव्हा त्यातले नट रिक मोरानिस आणि डेव्ह थॉमस यांनी चिडून लोकरी टोप्या घातलेले, बिअर पीत बडबडणारे बॉब आणि डग मॅकेन्झी उभे केले. नियमाची टिंगल करायला काढलेली ही जोडगोळी अमेरिकेतही तुफान चालली.

कोट्याने संगीतधंदा उभा केला का? बरेच जण हो म्हणतात. पण 'द गेस हू' हा विनिपेगचा बँड 1970 मध्येच, म्हणजे कोटा लागायच्या आधी, अमेरिकेत एक नंबरला पोचला होता, आणि जोनी मिचेल, नील यंग तर कधीच तिकडे निघून गेले होते. थोडक्यात, मोठे स्टार कोट्याने घडवले म्हणण्यापेक्षा त्याने देशातल्या देशात मधल्या फळीला रोजीरोटी दिली, हे म्हणणं जास्त धरून आहे.

मासिकांचं सांगायचं तर देशी मासिकांना जपायला अमेरिकन मासिकांच्या कॅनेडियन आवृत्त्यांवर 1995 ला लावलेला 80 टक्के जाहिरात-कर जागतिक व्यापार संघटनेत 1997 ला हरला. मुक्त व्यापार करारांत संस्कृतीला सूट आहे खरी, पण कॅनडाने ती वापरली तर अमेरिकेला तेवढ्याच किमतीचा प्रत्युत्तराचा हक्क मिळतो. रेडिओचा कोटा 1999 पासून 35 टक्के झाला. इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगसाठी एप्रिल 2023 मध्ये नवा कायदा झाला आणि 2024 मध्ये सीआरटीसीने मोठ्या कंपन्यांना कॅनडातल्या कमाईच्या 5 टक्के रक्कम देशी निर्मितीसाठी द्यायला सांगितलं, त्यावर कंपन्या लगेच कोर्टात गेल्या.