ग्राही-उपप्रकार आणि औषधबंधन

बहुधा पेशीपटलात रुतलेले आणि बाहेरचा रासायनिक संदेश आत पोहोचवणारे प्रथिन म्हणजे ग्राही. एकाच कुळातल्या ग्राहींना एकच औषध कमीअधिक घट्ट चिकटते व त्यावरून त्याचे इष्ट-अनिष्ट परिणाम ठरतात. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ‘रिसेप्टर’ हाच शब्द बोलण्यात असतो.

संकल्पनेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. पाउल एर्लिख यांनी १८९७ मध्ये विषे व रोगप्रतिकार यांच्या संदर्भात पार्श्वशृंखला सिद्धांत मांडला, म्हणजे पेशीला असलेल्या बाजूच्या साखळ्या विषाला पकडतात अशी कल्पना. ‘रिसेप्टर’ हा शब्द १९०० च्या सुमारास आला. मात्र अल्कलॉइडे (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त औषधी द्रव्ये) ऊतींतून सहज धुऊन निघतात, म्हणून ती ग्राहींशी जोडली जात नसावीत, असे एर्लिख बराच काळ मानत. उलट केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १८७८ मध्येच ॲट्रोपीन व पिलोकार्पीन ही लाळ सुटण्यावर परस्परविरोधी परिणाम करणारी अल्कलॉइडे एखाद्या समान द्रव्याशी संयोग पावत असावीत, असे सुचवले होते. १९०५ मध्ये त्यांनी दाखवले की, मज्जातंतू तोडून त्याचा ऱ्हास झाल्यावरही निकोटीनने स्नायू आकुंचतो आणि क्युरारी या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाने तो परिणाम थांबतो. म्हणजे ग्रहण करणारे द्रव्य खुद्द स्नायूत असले पाहिजे. एर्लिख यांनी औषधांसाठी ग्राही मान्य केले ते १९०७ च्या सुमारास. शब्द एर्लिख यांचा, पण औषधक्रियेपुरती कल्पना लँग्ली यांची, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रेनॅलीनसदृश द्रव्यांच्या प्रभावाचा क्रम अवयवागणिक बदलतो, यावरून अल्फा व बीटा असे दोन ग्राही कल्पिले. १९६७ मध्ये बीटाचेही दोन उपप्रकार मांडले गेले : हृदयात मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकांत बीटा-२. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचे औषध दोघांनाही रोखते, म्हणून दमेकऱ्याला ते धोक्याचे. त्याच वर्गातल्या ॲटेनोलॉलचा ओढा बीटा-१ कडे असला तरी मात्रा वाढली की तो फरक पुसट होतो. निवडकपणा हा असा प्रमाणाचा प्रश्न आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

बीटा-२ ग्राहीत औषध जिथे बसते त्या खाचेत ११३ व्या स्थानावरील ॲस्पार्टेट हे ॲमिनो अम्ल औषधातील धनभारित नायट्रोजनाला धरते. ग्राहीची साखळी पटलातून सात सर्पिलांनी आरपार जाते; त्यांतील पाचव्या सर्पिलातील सेरीन ही ॲमिनो अम्ले औषधातील हायड्रॉक्सिल गटांशी हायड्रोजन बंध जोडतात. बीटा-१ ची खाच जवळजवळ अशीच आहे. मग फरक येतो कुठून? २००७-०८ मध्ये दोन्हींच्या स्फटिकरचना (स्फटिक करून उलगडलेल्या त्रिमितीय रचना) मिळाल्यावर लक्ष खाचेच्या तोंडाशी असलेल्या ओसरीसारख्या भागाकडे गेले. तेथील ॲमिनो अम्ले दोघांत वेगळी आहेत. ॲड्रेनॅलीनच्या जवळच्या नॉरॲड्रेनॅलीन या संदेशवाहकाला बीटा-१ अधिक मानवते ते या वाटेमुळे, असे अलीकडील अभ्यास सुचवतात. काही वेळा फरक काळाचा असतो : टायोट्रोपियम हे श्वासनलिका रुंदावणारे औषध एम-२ व एम-३ या मस्करिनी (ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाच्या) ग्राहींना जवळपास सारखेच चिकटते, पण एम-३ वरून कितीतरी सावकाश सुटते.

प्रत्येक औषध ग्राहीलाच चिकटते असे नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग प्रसिद्ध केला; तिच्यातील रेसर्पीन मज्जापेशीच्या आतील पुटिकांत (सूक्ष्म पिशव्यांत) संदेशवाहकांचा साठा होऊ देत नाही. मुंबईतील मुलुंडच्या, हेक्स्ट या जर्मन औषधकंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात गरमरच्या मुळांतून, म्हणजे गुजराती घरांत लोणच्याला लागणाऱ्या मुळांतून, फोर्स्कोलीन हे द्रव्य वेगळे केले गेले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याच वनस्पतीतून काढलेले ‘कोलिओनॉल’ आधी निराळे मानले जाई. पुढे दोन्ही एकच ठरले. १९८१ मध्ये कळले की फोर्स्कोलीन ग्राहीला वगळून थेट ॲडेनिलिल सायक्लेझ या, ग्राहीच्या पुढच्या टप्प्यावर पेशीच्या आतला संदेश तयार करणाऱ्या एंझाइमाला चालना देते. त्यामुळे एखाद्या परिणामासाठी ग्राही लागतो का, हे पारखण्यासाठी ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.