मामांचा अंगठा आणि पेशीला पडलेलं भोक

पहाटे तीनला मामा कण्हत उठून बसले. उजव्या पायाचा अंगठा लालभडक, टम्म सुजलेला. पांघरुणाचं टोकही सोसेना. आदल्या रात्री शिवाजी पेठेत जेवण होतं, तांबड्या रश्श्याच्या वाट्या कुणी मोजल्या नव्हत्या. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की सांध्यात त्याचे सुईसारखे खडे साचतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण खडे महिनोन् महिने पडून असतात. मग एका रात्रीत आग कशी लागते?

पांढऱ्या पेशी हे खडे गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग पेशीच्या आत एनएलआरपी-3 हे प्रथिन धोक्याची घंटा वाजवतं आणि कॅस्पेस-1 नावाची कात्री चालू होते. ती गॅस्डर्मिन डी हे प्रथिन कापते. कापलेले तुकडे पेशीच्या आवरणात घुसून कडं धरतात आणि मधोमध सुमारे 20 नॅनोमीटरचं भोक पडतं. त्यातून दाह भडकवणारं इंटरल्यूकिन-1 बीटा बाहेर येतं, पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटते. एरवी आपल्या अब्जावधी पेशी रोज गुपचूप मरतात. ही मात्र बोंब ठोकत मरते. या मरणाला 2001 साली पायरोप्टोसिस हे नाव मिळालं. ग्रीकमध्ये ‘पायर’ म्हणजे अग्नी. त्यातलं गॅस्डर्मिन डीचं काम कळायला 2015 उजाडलं.

भोकच बुजवलं तर? दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची जुनी गोळी हे भोक पडू देत नाही, असं 2020 मध्ये दिसलं. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने अंगभर उसळणारा जीवघेणा दाह, झालेले उंदीर तिने वाचले. माणसांसाठी हे इतकं सोपं नाही. हीच आग पेशीत लपलेल्या जंतूंनाही उघड्यावर आणते. इंटरल्यूकिन-1 बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध दहा हजारांवर हृदयरोग्यांवर तपासलं गेलं. 2017 चा निकाल असा, की हृदयविकाराचे झटके घटले, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. म्हणून मला वाटतं, आग कायमची विझवणारं औषध नकोच. हवं ते जिथे पेटलंय तिथेच, तेवढ्यापुरतं काम करणारं.

मामांना डॉक्टरांनी कोल्चिसीन दिलं. ते भोक बुजवत नाही; पेशीतल्या सूक्ष्म नळ्या मोडतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींची धावपळ आणि ती घंटा दोन्ही मंदावतात. हेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीत असतं. पावसाळ्यात कुंपणांवर तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं दिसतात; संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. कंद जहाल विषारी आहे, त्याने माणसं दगावतात. घरगुती उपाय म्हणून त्याला हातसुद्धा लावू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी पायात चप्पल सरकवून पाहिली. गेली.