कावीळ झाली, पण कोणती?

पावसाळ्यात डोळे पिवळे दिसले की घरातले सगळे एकच शब्द उच्चारतात: कावीळ. आणि शोध तिथेच थांबतो, याची मला फार काळजी वाटते. कावीळ हा आजार नाही, ते लक्षण आहे. रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साठलंय, एवढंच ते सांगतं. ते का साठलं, हा प्रश्न उरतोच.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनपासून आधी हिरवट बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन तयार होतं. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग पुढे हिरवट आणि नंतर पिवळा होतो, तोही याच क्रमाने. हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते विरघळणारं करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. शौचाला तपकिरी रंग येतो तो त्यातूनच.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘टोटल’च्या खाली ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ असे दोन आकडे असतात, ते जरूर बघा. इनडायरेक्ट म्हणजे यकृताची प्रक्रिया न झालेलं, डायरेक्ट म्हणजे झालेलं. टोटल एरवी डेसिलिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. एकटं इनडायरेक्ट वाढलं असेल, तर बऱ्याचदा पेशीच भराभर मोडत असतात. मलेरियात हे होतं, सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारातही होतं, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. डायरेक्ट वाढलं असेल तर ते लघवीत उतरतं आणि लघवी गडद होते. त्याच वेळी शौच पांढुरकं, मातकट होत असेल आणि अंगाला खाज सुटली असेल, तर पित्ताची वाट अडल्याचा संशय घ्यावा. तिथे पित्ताचा खडा असू शकतो किंवा गाठही, म्हणून सोनोग्राफी लांबवू नये.

पावसाळ्यातली कावीळ बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. दूषित पाण्यातून आलेले हे विषाणू थेट यकृताला सुजवतात. भूक मरते, मळमळतं, ताप येतो, रक्तातल्या एसजीपीटीचा, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं दाखवणाऱ्या तपासणीचा, आकडा चढतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय मिळतं गळ्यातल्या काविळीच्या माळेला. माळ घालणाऱ्यांची श्रद्धा मी समजू शकतो, पण खडा माळेने विरघळत नाही आणि हिपॅटायटिस बी किंवा सी तिने जात नाही. माळेच्या भरवशावर गेलेले आठवडे त्या रुग्णाला महागात पडतात.

नवजात बाळांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचं यकृत अजून तयार होत असतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी सौम्य कावीळ सहसा आपसूक ओसरते. पहिल्या 24 तासांतच बाळ पिवळं दिसलं तर मात्र थांबू नये, कारण बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला इजा होते. अशा बाळाला निळ्या प्रकाशात ठेवतात. त्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते यकृताच्या मदतीशिवाय शरीराबाहेर जाऊ शकतं.

मोठ्या माणसाला कावीळ असताना गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर यकृत निकामी होत असण्याची शक्यता असते. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो; तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.