घाट, घाम आणि ढग

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटर आहे आणि जवळजवळ 1,300 मीटर उंच. ऐन पावसाळ्यात, सीझन संपून वरची हॉटेलं प्लास्टिकच्या कागदांत गुंडाळलेली असताना, मधल्या वारी हा घाट मी सायकलने चढतो. घरचे विचारतात, "एकटाच? सोबत नको?" रस्ता सपाट असता तर सोबत खरंच कामाची होती. ताशी 35 किलोमीटर वेगात बहुतेक ताकद समोरची हवा सारण्यात जाते, आणि पुढच्याच्या आडोशाने चालवलं की श्रम बरेच वाचतात. पण हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलते. घाटात वेग ताशी 10 वर येतो, तेव्हा ती चाळिसाव्या हिश्शाहून कमी होते. मी, सायकल आणि पाणी मिळून 80 किलो. पाच टक्के चढावर हे वजन वर न्यायला सुमारे 110 वॉट लागतात, हवेला जेमतेम 5. वजनात वाटेकरी कुणी होऊ शकत नाही. घाटात आपण एकटेच असतो, चौघं बरोबर असली तरी.

पण पावसाळ्यात खरा त्रास चढाचा नाही, घामाचा. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतात. बाकीची उष्णता होते: चारशेहून अधिक वॉट, म्हणजे साध्या इस्त्रीच्या निम्मी. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे 2,400 जूल उष्णता घेऊन जातो. त्यामुळे तासाला अर्ध्या लिटरहून जास्त घाम सुकायला हवा. नुसता टपकलेला कामाचा नाही. खालच्या जंगलात हवा बाष्पाने भरलेली असते, घाम सुकतच नाही. चढ सौम्य असूनही मला तिथेच सर्वांत जास्त धाप लागते. सर आली की जीव थंड होतो.

मग ढगात शिरतो, आणि इथे मला दरवेळी नवल वाटतं. कोरडी हवा किलोमीटरभर वर चढली की सुमारे 10 अंशांनी निवते. ढगातली हवा तेवढ्याच चढात चार-पाच अंशच निवते, कारण बाष्पाचे थेंब होताना ग्रॅममागे तेच 2,400-2,500 जूल परत मिळतात. अरबी समुद्रावर पाणी सुकताना उचललेली उष्णता वारा इथवर आणतो आणि सह्याद्रीच्या भिंतीवर सोडतो. माझ्या घामाचा हिशेब आणि मान्सूनचा हिशेब एकच आहे, फक्त उलट्या दिशेने.

हा पाऊस मारकही होतो. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला आणि हाच घाट दरडींनी बंद झाला. रेड अलर्ट असेल तर मी घराबाहेर पडत नाही, आणि कुणीही पडू नये.

उतरताना सगळं उलटतं. पाय थांबतात, आतली भट्टी विझते, वारा ताशी 40 ने अंगावर येतो, आणि चढताना न सुकलेला घाम आता भराभर सुकून नको तेवढी उष्णता ओढून नेतो. म्हणून वर पोचल्या पोचल्या मी कोरडा बनियन चढवतो आणि चहावाल्याकडून मागून घेतलेलं वर्तमानपत्र जर्सीच्या आत छातीवर धरतो. तरी प्रतापगडच्या फाट्यापर्यंत येईतो बोटं इतकी बधिरतात, की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही.