फुटबॉलरचा चांगुलपणा: चमकोगिरीचा संशय आला कुठून?

दर काही महिन्यांनी हा वाद होतोच. कुणी मोठा फुटबॉलर हॉस्पिटलमध्ये लहान मुलांना भेटायला जातो, कुणी भूकंपग्रस्तांसाठी पैसे देतो, कुणी मॅच संपल्यावर जर्सी काढून स्टँडमधल्या पोराला देतो, त्याचा व्हिडिओ फिरतो आणि तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते काय मोठ्या मनाचा माणूस आहे, दुसरी म्हणते सोड रे, सगळी चमकोगिरी, मागे पीआरवाला कॅमेरा धरून उभा असणार. पुरावा दोघांकडेही नसतो, कारण माणसाच्या मनात शिरून बघायची सोय नाही. पण खेळाडूच्या चांगुलपणावर शंका घ्यायची सवय आपल्याला लागली कधी, याला मात्र व्यवस्थित इतिहास आहे.

सुरुवात पैशापासून करावी लागते. इंग्लंडमध्ये जानेवारी १९६१ पर्यंत फुटबॉलरच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती, आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड, मग तो कितीही भारी खेळत असो. असा खेळाडू फॅन लोकांच्याच वस्तीत राहायचा, त्याला वेगळी 'इमेज' सांभाळायची गरजच नव्हती. मर्यादा उठली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंडांवर गेला, ब्रिलक्रीम या केसांच्या क्रीमच्या जाहिरातीत तर तो आधीपासूनच होता. खेळाडूचा चेहरा विकला जातो हे एकदा सगळ्यांना कळलं की त्या चेहऱ्याने केलेलं चांगलं कामसुद्धा लोक वेगळ्या नजरेने बघायला लागतात, ते साहजिक आहे.

पेलेचं बघा. १९ नोव्हेंबर १९६९ ला रिओच्या मॅराकाना स्टेडियमवर त्याने पेनल्टीवर हजारावा गोल केला, मैदानात पत्रकारांची झुंबड उडाली आणि रडत रडत तो म्हणाला की ब्राझीलच्या गरीब लेकरांकडे लक्ष द्या. देशात तेव्हा लष्करी राजवट होती, त्यामुळे राजवटीबद्दल अवाक्षर न काढता मुलांबद्दल बोलणं म्हणजे नुसता भावनेचा देखावा, असं म्हणणारे तेव्हाही होते. आणि काही महिन्यांनी मेक्सिको वर्ल्डकपमध्ये याच पेलेने मॅच सुरू व्हायच्या आधी रेफ्रीला थांबवून खाली वाकून बुटाची लेस बांधली, कॅमेरा बुटावर गेला आणि जगभरातल्या टीव्हीवर प्यूमाचा बूट दिसला, त्याचे प्यूमाने त्याला पैसे दिले होते. आता लेसचं ठरवून केलेलं होतं म्हणून मुलांसाठीचं रडणंही खोटं का? मला नाही वाटत. गरिबीत वाढलेला, लहानपणी बूट पुसून पैसे कमावलेला माणूस होता तो. एकाच माणसात दोन्ही गोष्टी होत्या आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक मोठ्या खेळाडूत त्या दोन्ही आहेत.

ब्राझीलमधलंच दुसरं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. १९८२ च्या सुमारास साओ पाउलोच्या कोरिंथियन्स क्लबात सॉक्रेटिस नावाचा फुटबॉलर आणि त्याच्या सोबत्यांनी 'कोरिंथियन्स लोकशाही' चालवली, म्हणजे क्लबातले निर्णय खेळाडूपासून कपडे धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मताने, आणि नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीआधी जर्सीच्या पाठीवर '१५ तारखेला मतदान करा' असं छापून टीम मैदानात उतरली. हुकूमशाहीत हे करायला हिंमत लागते. पण या चळवळीला ते नाव कुणी दिलं तर वॉशिंग्टन ऑलिवेटो या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने, क्लबाचं मार्केटिंग तोच बघत होता. म्हणजे अख्ख्या फुटबॉलच्या इतिहासातली बहुतेक सगळ्यात प्रामाणिक चळवळसुद्धा जाहिरातवाल्याच्या मदतीने उभी राहिली होती, आणि तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. आपल्याकडे देवळाच्या पंख्यावर देणगीदाराचं नाव लिहिलेलं असतं, तरी वारा सगळ्यांनाच लागतो.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९८५ हे इंग्लिश फुटबॉलचं सगळ्यात काळं वर्ष, ब्रॅडफर्डच्या स्टेडियमची आग, ब्रसेल्सच्या हेसल स्टेडियममधली चेंगराचेंगरी, इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी, फुटबॉल म्हणजे हाणामारी असं समीकरण होऊन बसलं होतं. १९८६ मध्ये खेळाडूंच्या युनियनने पुढाकार घेऊन वायव्य इंग्लंडमधल्या सहा क्लबांत 'फुटबॉल इन द कम्युनिटी' सुरू केलं, क्लबाने आपल्या गावातल्या शाळांत, वस्त्यांत जायचं. हेतू चांगलाच होता, पण खेळाची गेलेली अब्रू परत मिळवायची हाही हेतू होता आणि तो कुणी लपवला नाही. पुढे हे सगळं खेळाडूच्या करारातच आलं. प्रीमियर लीगच्या ठरावीक करारानुसार क्लब खेळाडूला प्रमोशन, कम्युनिटी आणि पीआरच्या कामासाठी आठवड्याला सहा तासांपर्यंत बोलावू शकतो आणि त्यातला साधारण अर्धा वेळ कम्युनिटी आणि पब्लिक रिलेशन्सला द्यायचा. म्हणजे ख्रिसमसला हॉस्पिटलमध्ये टेडी बेअर घेऊन उभा असलेला खेळाडू बऱ्याचदा कामावर असतो. हे कळल्यावर पहिल्यांदा वाईट वाटतं खरं. पण त्या वॉर्डातल्या पोराला करार माहीत नसतो, आणि त्याच तासात कुणी दहा मिनिटांत फोटो काढून निघतो तर कुणी पोराशेजारी बसून राहतो. फरक असेल तर तो तिथे आहे, आणि तो फोटोत दिसत नाही.

मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाचं तर कोर्टानेच ठरवलं. जानेवारी १९९५ मध्ये त्याने प्रेक्षकाला लाथ मारली, तुरुंगाची शिक्षा अपिलात बदलून १२० तासांची समाजसेवा झाली आणि त्याने ती मँचेस्टरमध्ये लहान मुलांना फुटबॉल शिकवून पूर्ण केली. सक्तीचं काम, पण मुलं त्याच्याकडूनच शिकली.

आता १९९७ चा तो मार्च महिना, तो नीट बघण्यासारखा आहे. लिव्हरपूलमध्ये सप्टेंबर १९९५ पासून ५०० गोदी कामगार नोकरीवरून काढलेले होते. २० मार्चला युरोपियन मॅचमध्ये लिव्हरपूल क्लबाच्या रॉबी फाउलरने गोल केल्यावर जर्सी वर केली, आत लाल टीशर्ट, त्यावर त्या कामगारांना पाठिंबा, आणि 'डॉकर्स' शब्दातली दोन अक्षरं केल्विन क्लाइनच्या लोगोसारखी काढलेली. फाउलर लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातलाच पोरगा, हे कामगार म्हणजे त्याच्याच गावची माणसं. युएफाने, म्हणजे युरोपियन फुटबॉलच्या संघटनेने, त्याला २,००० स्विस फ्रँक दंड केला. चारच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध गोलकीपर सीमनसमोर तो पडला, रेफ्रीने पेनल्टी दिली आणि फाउलर हातवारे करून सांगायला लागला की नाही, त्याने मला पाडलं नाही. रेफ्रीने ऐकलं नाही, पेनल्टी सीमनने अडवली, परत आलेल्या बॉलवर फाउलरचा सोबती मॅकएटिअरने गोल केला. या प्रामाणिकपणाचं फुटबॉलच्या बड्या अधिकाऱ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. एकाच आठवड्यात एकाच माणसाच्या दोन कृती, एकीला दंड, दुसरीला शाबासकी. खेळ चालवणाऱ्यांना कुणालाच न बोचणारा चांगुलपणा हवा असतो, बोचणारा नको असतो, हे इतकं स्पष्ट त्याआधी क्वचितच दिसलं असेल.

आणि एका कृतीवरून माणूस ओळखू नये हे शिकायला इटलीचा फुटबॉलर डी कॅनिओ आहे. डिसेंबर २००० मध्ये एव्हर्टनचा गोलकीपर जखमी होऊन पडला होता, गोल समोर मोकळा, याने बॉल हाताने पकडून खेळ थांबवला, फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. त्याआधी १९९८ मध्ये यानेच रेफ्रीला ढकललं होतं आणि नंतर २००५ मध्ये लाझिओकडून खेळताना फॅसिस्ट सॅल्यूटही यानेच ठोकला.

२००० नंतर पैशाचं गणित आणखी बदललं. आर्सेनलच्या बर्गकँप आणि प्लॅटच्या टॅक्स प्रकरणात खेळाडूच्या 'इमेज राइट्स'चे पैसे पगारापेक्षा वेगळे धरता येतात असा निकाल लागला, म्हणजे प्रतिमा ही आता कागदोपत्री मालमत्ता झाली. मालमत्ता म्हटली की तिची देखभाल आली, आणि चॅरिटी हा त्या देखभालीचा सोयीस्कर भाग झाला. क्लबही मागे नव्हते. बार्सिलोनाने शंभरहून जास्त वर्षं जर्सीच्या छातीवर कुठल्याच स्पॉन्सरला जागा दिली नव्हती, २००६ मध्ये तिथे युनिसेफचं नाव आलं आणि त्यासाठी क्लबानेच युनिसेफला वर्षाला १५ लाख युरो द्यायचं ठरलं. सगळं जग भारावलं, मीसुद्धा. मग २०११ मध्ये त्याच छातीवर कतार फाउंडेशन आलं, १५ कोटींच्या आसपास युरोंचा करार, २०१३ पासून कतार एअरवेज, आणि युनिसेफ गेलं पाठीवर. युनिसेफला पैसे मिळाले हे खरंच, मुलांचा फायदा झाला. पण छातीवर नाव बघायची फॅनच्या डोळ्यांना सवयही त्यातूनच लागली, आणि याचा मला अजून राग आहे.

त्याच काळातली द्रोग्बाची गोष्ट मात्र ऐकली की आजही अंगावर काटा येतो. ऑक्टोबर २००५, आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा वर्ल्डकपला पात्र ठरलं, देशात २००२ पासून यादवी चालू. ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीचा कॅमेरा होता, द्रोग्बाने माइक घेतला, सगळी टीम त्याच्याभोवती, आणि सगळेच्या सगळे गुडघ्यावर बसले, शस्त्रं खाली ठेवा म्हणून विनंती केली. मार्च २००७ मध्ये शांतता करार झाला आणि जूनमध्ये मादागास्करविरुद्धची मॅच बंडखोरांच्या बुआके शहरात खेळवली गेली. युद्ध फुटबॉलरने थांबवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, २०१० च्या शेवटी पुन्हा हिंसा भडकलीच. पण तिथे कॅमेरा नसता तर ती विनंती कुणाला ऐकूच गेली नसती, हेही तितकंच खरं.

नंतर सोशल मीडिया आलं आणि खेळाडूने न केलेलं दानही फिरायला लागलं. मार्च २०२० मध्ये रोनाल्डोने आपल्या हॉटेलांची हॉस्पिटलं केली ही बातमी आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर किती फिरली आठवत असेल, ती खोटी होती. त्याच महिन्यात त्याने आणि त्याच्या एजंटने लिस्बन आणि पोर्टोच्या हॉस्पिटलांना आयसीयूच्या बेडसाठी मदत केली ती खरी होती, ती फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही. आणि हाच रोनाल्डो २०१९ मध्ये स्पेनमध्ये करचुकवेगिरी कबूल करून जवळपास १.९ कोटी युरो भरून बसला होता, मेस्सीलाही २०१६ मध्ये करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली होती. कराच्या पैशातूनही हॉस्पिटलंच चालतात, त्यामुळे हा हिशेब विसरता येत नाही.

स्पेनचा फुटबॉलर हुआन माताने ऑगस्ट २०१७ मध्ये या सगळ्यावर जे उत्तर काढलं ते मला सगळ्यात जास्त पटतं. त्याच्या 'कॉमन गोल'मध्ये खेळाडूने पगाराचा १% द्यायचा, तो एका सामायिक फंडात जातो, कुणाच्या नावाचं फाउंडेशन नाही. सुरू करायच्या आधी तो मुंबईत येऊन ऑस्कर फाउंडेशनच्या मुलांना भेटून गेला होता, वस्तीतल्या पोरांना फुटबॉलच्या ओढीने शाळेत टिकवायचं काम ते करतात. विजय बारसे सरांनी नागपुरात उभं केलेलं 'स्लम सॉकर'ही याच जाळ्यातलं. हुमेल्स, किएलिनी, रॅपिनो असे लोक आले, पण माताला अख्ख्या फुटबॉल उद्योगाचा १% हवा होता आणि मोठे क्लब तिकडे फारसे फिरकले नाहीत.

मग कोव्हिड. २ एप्रिल २०२० ला ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हँकॉक टीव्हीवर म्हणाले की प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगार कमी करून घ्यावा. बँकवाल्यांना नाही, क्लबांच्या अब्जाधीश मालकांना नाही, खेळाडूंना. सहा दिवसांत लिव्हरपूलचा कॅप्टन जॉर्डन हेंडरसनच्या पुढाकाराने 'प्लेअर्स टुगेदर' हा खेळाडूंचा निधी उभा राहिला आणि पैसा थेट एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या चॅरिटीकडे वळला. हाच हेंडरसन इंद्रधनुषी बूटलेस घालून समलिंगी फॅन लोकांच्या बाजूने उभा राहायचा, आणि जुलै २०२३ मध्ये, जिथे समलिंगी संबंध गुन्हा आहे त्या सौदीच्या अल इत्तिफाक क्लबाकडे गेला, क्लबाच्या व्हिडिओत त्याच्या दंडावरची कॅप्टनची इंद्रधनुषी पट्टी करड्या रंगात दाखवली गेली. ज्यांच्यासाठी तो बोलला होता त्यांना काय वाटलं असेल. २०२० चं काम खरं होतं आणि २०२३ मध्ये ती माणसं दुखावली गेली हेही खरं आहे.

मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डवर तर संशय सगळ्यात जास्त घेतला गेला, म्हणून त्याचं सविस्तर. मँचेस्टरच्या विदनशॉमधला, एकट्या आईने वाढवलेला, शाळेतल्या फुकट जेवणावर जगलेला. जून २०२० मध्ये त्याने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतही गरीब मुलांना जेवणाचं व्हाउचर द्या, सरकार आधी नाही म्हणालं, दुसऱ्याच दिवशी झुकलं, सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता. ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्ट्यांसाठीचा प्रस्ताव संसदेत ३२२ विरुद्ध २६१ ने पडला. त्यानंतर या पोराने काय केलं तर भांडण न करता, कुठल्या गावातला कुठला कॅफे, कुठली चिप्सची टपरी, कुठली नगरपालिका मुलांना फुकट जेवण देतेय ते एकामागून एक ट्वीट करत राहिला, स्वतःच लॉकडाउनने अर्धमेली झालेली छोटी दुकानं पुढे आली. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये त्याने विनिंग गोल मारलेला होता. नोव्हेंबरमध्ये सरकार दुसऱ्यांदा झुकलं.

आता दुसरी बाजू, तीही लपवायची गरज नाही. एप्रिल २०२० मध्येच तो रॉक नेशन या मोठ्या एजन्सीकडे गेला होता, बर्बरीसारख्या ब्रँडशी करार झाले. जुलै २०२१ मध्ये 'स्पेक्टेटर' हे ब्रिटिश मासिक त्याच्या कमाईवर लिहिणार असं कळल्यावर त्याने स्वतःच जाहीर सांगितलं की हो, ब्रँडबरोबर काम करतो आणि त्यातला बराचसा पैसा याच कामात जातो. पुढे त्याचा फॉर्म गेला, तेव्हा संशय घेणारे हेच लोक म्हणाले की राजकारण सोड, फुटबॉल खेळ.

पण सप्टेंबर २०२० मध्ये मुलांच्या जेवणाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या त्याच्या टास्क फोर्सने ज्या तीन मागण्या मांडल्या होत्या त्या बघा. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आहाराचं व्हाउचर आठवड्याला ४.२५ पौंड करा, ते एप्रिल २०२१ मध्ये झालं. सुट्टीतलं जेवण आणि खेळाची योजना वाढवा, तीही झाली. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत, घेणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला शाळेत फुकट जेवण द्या, हे मात्र अडकलं होतं. जून २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमध्ये ते सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचं जाहीर केलं. रॅशफर्डला तोवर मँचेस्टर युनायटेडने लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबाकडे, पाठवलं होतं.