एकांतासाठी घातलेले नळ

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमध्ये ऑस्मदरली गावाजवळ, क्लीव्हलँड टेकड्यांच्या दाट झाडीच्या उताराखाली, माउंट ग्रेस प्रायरी या मठाचे अवशेष आहेत. पाहणाऱ्याची नजर आधी चर्चच्या मनोऱ्याकडे जाते. मात्र हा मठ समजून घ्यायचा असेल तर मोठ्या चौकाभोवतीच्या पडक्या घरांमध्ये अधिक वेळ घालवावा, असे मला वाटते.

सरेचा ड्यूक थॉमस हॉलंड याने १३९८ मध्ये हा मठ कार्थुजियन या ख्रिस्ती पंथासाठी स्थापला. या पंथाचे साधू दिवसाचा बहुतेक काळ एकटे राहत आणि बऱ्याचशा प्रार्थना आपापल्या घरातच म्हणत. म्हणूनच येथील चर्च लहान आणि साधे आहे. प्रत्येक साधूला दुमजली घर आणि उंच भिंतींनी वेढलेली स्वतंत्र बाग असे. जेवण दाराशेजारच्या झरोक्यातून येई, आणि तो झरोका भिंतीच्या आत काटकोनात वळवलेला असल्यामुळे देणाऱ्याला व घेणाऱ्याला एकमेकांचे तोंड दिसत नसे.

जेवणाची सोय झाली तरी पाण्यासाठी रोज विहिरीवर जावे लागले असते, तर हा एकांत टिकला नसता. येथे टेकडीची रचना उपयोगी पडली. या टेकड्यांमध्ये वरच्या थरातील वालुकाश्मातून झिरपणारे पावसाचे पाणी खालच्या, पाणी सहज न झिरपणाऱ्या शेल खडकापाशी अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अशा झऱ्यांवर दगडी झरेघरे बांधून ते पाणी नळांनी चौकातील जलमनोऱ्यापर्यंत आणि तेथून घरोघरी नेलेले होते. बंद नळातील पाणी उगमाच्या पातळीपर्यंत चढू पाहते; नळाशी होणाऱ्या घर्षणामुळे ते थोडे कमी चढते, एवढेच. त्यामुळे उगम उंचावर असला की पंपाची गरज उरत नाही, आणि उंचीतील दर १० मीटर फरकामागे सुमारे एका वातावरणाइतका दाब मिळतो. शौचकूप बागेच्या टोकाला, वाहत्या पाण्याच्या नालीवर होते. म्हणजे शौचासाठीही आपल्या घर-बागेबाहेर पडावे लागत नसे. चौदाव्या-पंधराव्या शतकात राजवाड्यांनाही सहज न लाभणारी ही सोय मांसाहार वर्ज्य केलेल्या, अबोल माणसांसाठी केलेली होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

१५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. पुढे पोलाद उद्योजक लोथियन बेल यांनी १९०० च्या सुमारास एक घर पुन्हा उभारले, ते आत जाऊन पाहता येते. इतर घरांच्या भिंती खचल्या असल्या तरी दारांशेजारचे झरोके अजून आहेत. त्यांत डोकावले तर नजर वळणापाशीच अडते.